रबर प्लांटला जुलैमध्ये किती पाणी? एका साध्या नियमाचा दोनशे वर्षांचा प्रवास

मोठ्या, चकचकीत पानांचं रबर प्लांट घरात ठेवायचं ठरवलं की सूचना शोधाव्या लागत नाहीत. मोबाइलवर, मासिकात, रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवर त्या जवळपास एकाच शब्दांत मिळतात. आठवड्यातून एकदा पाणी द्या. हिवाळ्यात पाणी कमी करा. पानांवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारा. आणि शेवटी एक गोड बातमी: हे झाड घरातली हवा शुद्ध करतं.

आता या सूचना जुलैच्या कोलाडमध्ये वापरून बघा. कुंडलिका दुथडी भरलेली, भिंतींना ओल, चपलांवर बुरशी, दोरीवरचे कपडे चार दिवस झाले तरी दमटच. अशा हवेत पानांवर फवारा कशासाठी मारायचा? उलट डिसेंबरात आकाश निरभ्र असतं, खिडकीतून भरपूर उजेड येतो, हवा कोरडी असते. मग नेमकं तेव्हाच पाणी कमी का करायचं? आपल्याकडे घरातलं रबर प्लांट पावसाळ्यात गेलं तर बहुतेक वेळा ते मुळं कुजून जातं. मालक बिचारा सूचना पाळत असतो.

हे नियम खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ते कुठेतरी, कुठल्यातरी परिस्थितीत खरे ठरले होते. फक्त ती परिस्थिती सूचनेबरोबर आपल्यापर्यंत आली नाही. संशोधनाची तयारी करताना आपण ‘बाह्य वैधता’ हा शब्द पाठ करतो. एका जागी मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या जागी लागू पडतो का, एवढाच त्याचा अर्थ. पाठ करण्यापेक्षा तो एका कुंडीत बघू या. त्यासाठी थोडा इतिहास लागेल.

मधाची टोपली

१८१० सालाच्या अखेरीस सिल्हेटहून मॅथ्यू रिचर्ड स्मिथ नावाच्या गृहस्थांनी कलकत्त्याला विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे मध पाठवला. रॉक्सबर्ग तेव्हा तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. मध ज्या भांड्यात होता ते वेताच्या चिरफाळ्यांची विणलेली टोपली होती. तिला तिकडे तुरोंग म्हणत. टोपलीत मध टिकतो कसा? कारण सिल्हेटच्या उत्तरेकडच्या डोंगरातले, म्हणजे आजच्या मेघालयातले लोक टोपलीला आतून एका झाडाचा चीक फासत. रॉक्सबर्ग यांना मधापेक्षा या अस्तरात जास्त रस होता. त्यांनी टोपली रिकामी करून धुतली, तेव्हा आत रबराचा पातळ, अखंड थर मिळाला. झाडाला नाव मिळालं फायकस इलास्टिका.

ज्यांना अजून शास्त्रीय नावांपुढची माणसांची नावं वाचायची सवय नाही, त्यांनी इथे थोडं थांबावं. या नावापुढे ‘रॉक्सबर्ग एक्स होर्नेमान’ असं लिहितात. का? १८१४ मध्ये विल्यम कॅरी यांनी कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांची यादी श्रीरामपूरच्या छापखान्यात छापली. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे कॅरी ते हेच. त्या यादीत फायकस इलास्टिका आहे, पण नुसतं नाव. वर्णन नाही. वर्णनाशिवायचं नाव वनस्पतिशास्त्रात ग्राह्य धरत नाहीत. रॉक्सबर्ग १८१३ मध्ये भारत सोडून गेले आणि १८१५ मध्ये वारले. त्यांनी स्वतः लिहिलेलं या झाडाचं सविस्तर वर्णन ‘फ्लोरा इंडिका’च्या १८३२ च्या आवृत्तीत आलं. तोवर १८१९ मध्येच कोपनहेगनच्या बागेच्या सूचीत होर्नेमान यांनी रॉक्सबर्ग यांचंच नाव वर्णनासह छापलं होतं. ‘एक्स’ या दोन अक्षरांत एवढी गोष्ट आहे: नाव सुचवलं एकाने, ग्राह्य ठरेल असं छापलं दुसऱ्याने.

आपल्या प्रश्नासाठी यातली महत्त्वाची गोष्ट ही की या झाडाची युरोपातली ओळख अगदी सुरुवातीपासून काचगृहातली आहे.

दुसऱ्याच्या खांद्यावर वाढलेलं झाड

जंगलात मात्र हे झाड वेगळंच दिसतं. ईशान्य भारतापासून म्यानमार, मलेशिया, जावापर्यंत ते वाढतं. उंची तीस-चाळीस मीटरपर्यंत जाते. आणि बऱ्याचदा त्याची सुरुवात जमिनीवर होतच नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून बी एखाद्या उंच झाडाच्या बेचक्यात पडतं, तिथेच रुजतं, आणि मग मुळं खाली सोडत सोडत जमिनीपर्यंत येतं.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदरुक ही सगळी याच फायकस कुळीतली भावंडं. जुन्या घराच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात, माडाच्या खोडावर उगवलेला पिंपळ कितीदा उपटला तरी परत येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याला तिथे माती किती मिळते? मूठभरही नाही. पाऊस पडला की पाणी मुळांवरून वाहून जातं आणि पुढच्या तासाभरात मुळं पुन्हा हवेत.

म्हणजे रबर प्लांटच्या रोपाला कोरडं पडायची सवय आहे. तुंबलेल्या पाण्यात उभं राहायची नाही. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, आणि ऑक्सिजनचं विसरण हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजार पट हळू होतं. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं आधी गुदमरतात आणि मग बुरशी आपलं काम करते. पानं पिवळी पडून गळायला लागतात. ते बघून आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण आणखी पाणी घालतो.

मेघालयात खासी आणि जैंतिया लोकांनी याच झाडाची हवेतली मुळं ओढ्यांवरून वळवून जिवंत पूल घडवले. टोपलीचं अस्तर काय आणि पूल काय, दोन्ही ठिकाणी माणसाने झाडाचा स्वभाव आधी बघितलाय. आपली कुंडीतली सूचना मात्र वेगळ्याच ठिकाणी लिहिली गेली.

काचेची पेटी

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उष्ण प्रदेशातलं जिवंत झाड जहाजाने युरोपात नेणं म्हणजे जवळपास जुगार होता. खारं पाणी, ऊन, थंडी आणि गोड्या पाण्याची टंचाई. जॉन लिव्हिंगस्टन यांनी १८१९ मध्ये मकावहून लंडनला कळवलं होतं की चीनमधून पाठवलेल्या हजार झाडांमागे एखादंच जगतं.

लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर राहत. त्यांना नेचे वाढवायचा नाद, पण कोळशाच्या धुरात एकही टिकेना. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीत घालून झाकणाच्या बाटलीत ठेवला. पतंग कधी बाहेर येतो ते बघायचं होतं. कोषाऐवजी त्यांचं लक्ष मातीतून उगवलेल्या एका नेच्याकडे आणि गवताच्या पात्याकडे गेलं. दिवसा ओल वर जायची, काचेवर जमायची, परत मातीत उतरायची. खिडकीबाहेर ठेवलेली ती बाटली वॉर्ड यांनी जवळपास चार वर्षं पाणी न घालता सांभाळली. आणि ती झाडं गेली कशी? वॉर्ड परगावी असताना झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी भसाभसा आत शिरलं.

१८३३ मध्ये वॉर्ड यांनी अशाच दोन मोठ्या पेट्या सिडनीला पाठवल्या. झाडं जिवंत पोचली. परतीच्या प्रवासात ऑस्ट्रेलियातली झाडं भरून पेट्या लंडनला आल्या, तीही जिवंत. १८४२ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं.

ही कल्पना कोलाडकरांना ओळखीची वाटेल. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. ट्रकमधला माल उतरवायचा नाही, भरलेला ट्रकच रेल्वेच्या वाघिणीवर चढवायचा. वॉर्ड यांनी झाडाच्या बाबतीत तेच केलं. झाडाबरोबर त्याची हवा, ओल, माती सगळं उचलून जहाजावर चढवलं.

रबराच्या इतिहासालाही या पेट्यांनी वळण दिलं. आसामात चारद्वार इथे वनखात्याने १८७३ पासून फायकस इलास्टिकाची लागवड सुरू केली होती, रबरासाठीच. पण १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलहून हेविया या दुसऱ्याच झाडाचं बी लंडनच्या क्यू बागेत आणलं. त्यातली सुमारे १,९०० रोपं वॉर्डच्या पेट्यांतून त्याच वर्षी श्रीलंकेला गेली. हेवियाचा चीक जास्त आणि काढायला सोपा. पुढच्या काही दशकांत जगाचं रबर हेवियाचं झालं आणि आपल्या फायकसचा रबर म्हणून धंदा बसला. त्याला उरली ती दिवाणखान्यातली नोकरी.

गॅसचे दिवे आणि जाड पान

त्या दिवाणखान्याची परिस्थिती लक्षात घ्या. इंग्लंड-जर्मनीतलं शहरी घर. हिवाळ्यात दिवस सात-आठ तासांचा, तोही मळकट. बाहेर बर्फ, आत शेकोटी, पुढे नळांतून फिरणारी वाफ. थंड हवा आत घेऊन तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता खाली येते. अशा खोलीत ती वीस-तीस टक्क्यांवरही उतरते. वर दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे. त्या गॅसने नाजूक झाडांची वाट लागायची.

गॅसमधलं नेमकं काय झाडांना बाधतं हे सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण संशोधकाने १९०१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच्या प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपं बुटकी, जाड आणि आडवी वाढत होती. बाहेरच्या हवेत तीच रोपं सरळ. त्याने कारण शोधलं, ते निघालं दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन. आज इथिलीन हे वनस्पतींचं संप्रेरक म्हणून आपण शिकतो, त्याची सुरुवात खोलीतल्या हवेवर संशय घेण्यापासून झाली.

अशा खोल्यांत जी मोजकी झाडं तग धरून राहिली, त्यांत रबर प्लांट होतं. कारण पानात आहे, आणि बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या बहुतेकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. पानाचा आडवा छेद घेतला की वर जाड उपत्वचा, तिच्याखाली एकाऐवजी अनेक थरांची अपित्वचा, आणि एखाद्या मोठ्या पेशीत द्राक्षाच्या घडासारखा लोंबणारा कॅल्शियम कार्बोनेटचा सिस्टोलिथ. जर्नलात त्याची आकृती काढून आपण गुण मिळवले. झाडाच्या शिखरावर, वाऱ्या-उन्हात पाणी टिकवायला जे पान घडलं, तेच कोरड्या दिवाणखान्यातही उपयोगी पडलं.

आता सूचना पुन्हा वाचा. ‘हिवाळ्यात पाणी कमी करा’, कारण तिथे हिवाळ्यात उजेड नाही, झाड वाढत नाही, पाणी पीत नाही. ‘पानांवर फवारा मारा’, कारण खोली तापवल्यामुळे हवा कोरडी. दोन्ही सूचना त्या घरात शहाणपणाच्या होत्या.

कोलाडचा ‘हिवाळा’ कोणता?

नियमातला महिना बाजूला ठेवून कारण तेवढं उचलू या. कारण असं: झाड पाणी किती वापरेल हे उजेड आणि हवेचा कोरडेपणा यांवर ठरतं. उजेड कमी आणि हवा दमट, तर पाणी कमी.

रायगडात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या चार महिन्यांत आकाश झाकलेलं, खिडक्यांना झडपा, हवा ओलीचिंब. म्हणजे घरातल्या रबर प्लांटच्या दृष्टीने आपला ‘हिवाळा’ जूनमध्ये सुरू होतो. पाणी कमी करायचं ते तेव्हा. दिवाळीनंतर उजेड वाढतो, हवा कोरडी होते, झाड पाणी मागू लागतं. मार्च ते मे तर जास्तच. दिनदर्शिका जवळपास उलटी झाली, नियमाचा गाभा तसाच राहिला.

बाकी गोष्टीही याच रीतीने लावता येतात. कुंडीला तळाशी भोकं हवीत, आणि खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायला हवं. नुसती तांबडी माती भरली तर ती पावसाळी हवेत घट्ट बसते. तिच्यात वाळू, नारळाचा भुसा आणि कुजलेलं शेणखत मिसळलं की मुळांना हवा मिळते. पाणी वार बघून घालू नका, बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. वरची माती कोरडी लागली तरच घाला. फवाऱ्यापेक्षा ओल्या फडक्याने पानं पुसणं इथे जास्त कामाचं, कारण महामार्गालगतच्या घरांत धूळ ही खरी अडचण आहे आणि धुळीच्या थरातून उजेड कमी पोचतो. छाटणी केली की पांढरा चीक वाहतो. तो डोळ्यात किंवा अंगावर जाऊ देऊ नका, मांजर-कुत्र्यांनाही पानं खाऊ देऊ नका. आणि कुंडीत मावेनासं झालं म्हणून घराच्या पायाशी जमिनीत लावू नका. पिंपळाची मुळं भिंतीचं काय करतात ते आठवा.

नवीन रोप करायचं तर कोकणातली जुनी युक्ती आहेच: पावसाच्या सुरुवातीला गुटी कलम. फांदीची साल अंगठीसारखी काढायची, चीक पुसायचा, ओलं शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळायचं. काही आठवड्यांत मुळं दिसतात. बियांची वाट बघून उपयोग नाही. उंबर फोडल्यावर आत जे बारीक किडे दिसतात, तशी या झाडाची स्वतःची वेगळी माशी असते, आणि जिथे ती नाही तिथे फळात रुजणारं बी धरत नाही. तिच्या मूळ प्रदेशाबाहेर ही झाडं वाढतात ती माणसाच्या हातून, एका फांदीची दुसरी फांदी होत.

आणि हवा शुद्ध होते का?

शेवटची सूचना राहिली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या बिल वॉल्व्हर्टन आणि सहकाऱ्यांनी कुंडीतली झाडं बंद, हवाबंद कक्षांत ठेवून बेन्झीनसारखी रसायनं हवेतून कमी होतात का ते मोजलं. ती कमी झाली. अंतराळयानासारख्या बंद जागेच्या दृष्टीने प्रश्न रास्त होता. पण पुढे बातम्यांतून आणि जाहिरातींतून ‘बंद कक्ष’ हे दोन शब्द गळाले आणि ‘झाडं हवा शुद्ध करतात’ एवढंच उरलं.

२०१९ मध्ये ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी अशा १२ अभ्यासांतले १९६ प्रयोग एकत्र तपासले. साध्या घरात दारं-खिडक्यांच्या फटींतून जेवढी हवा बदलते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं त्यांचं गणित आलं. दहा चौरस मीटरच्या खोलीत शंभर ते दहा हजार रबर प्लांट! मग माणसाने बसायचं कुठे?

नासाचं मोजमाप चुकलं नव्हतं. ते त्या काचेच्या पेटीपुरतं खरं होतं. वॉर्ड यांची पेटी, गॅसच्या दिव्यांचा दिवाणखाना, नासाचा कक्ष: तिन्ही ठिकाणी निष्कर्ष एका बंद जागेत जन्मला आणि पेटीशिवाय बाहेर पडला.

तुमच्या आराखड्यासाठी

प्रबंधाचा आराखडा लिहिताना आपण बहुतेक मूल्यं दुसऱ्याच्या शोधनिबंधातून उचलतो. खताची मात्रा, तापमान, नमुन्याचा आकार, प्रश्नावलीतले गुणांकन. त्या प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारा. हा आकडा कुठे मिळाला? तिथे कोणत्या गोष्टी स्थिर होत्या, ज्या लेखकाने लिहायचीही गरज मानली नाही? माझ्या जागी त्यातली कोणती बदलते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बऱ्याचदा तुमचा संशोधन प्रश्नच हाती येतो.

सराव म्हणून एक छोटा प्रयोग सुचवते. एक कुंडी, सामान तोलायचा एक वजनकाटा आणि मोबाइलवरचं उजेड मोजणारं ॲप. पाणी घातल्यावर निथळू द्या, मग कुंडीचं वजन घ्या. पुढचे सात दिवस रोज त्याच वेळी वजन आणि उजेड नोंदवा. वजनातली घट म्हणजे झाडाने आणि मातीने मिळून गमावलेलं पाणी. मातीचा वाटा वेगळा काढायचा तर शेजारी तशीच, पण झाड नसलेली कुंडी ठेवा. हाच तुमचा नियंत्रण गट. ही नोंद जुलैत एकदा आणि जानेवारीत एकदा करा, आणि दोन आलेख एकाच कागदावर काढा. आठवड्यातून किती पाणी घालायचं हे मग तुमच्या खोलीतूनच कळेल. तक्ता भरताना खोली कोणती, खिडकी कोणत्या दिशेला आणि पंखा चालू होता की बंद, हेही लिहा. पुढे तुमचे आकडे वापरणाऱ्याला त्याची गरज पडेल.